चार मिनिटांची साक्ष

अल्ताफचा फोन आला तेव्हा विजयमाला अकराचं रीडिंग वहीत उतरवत होती. अल्ताफ लाइनमन, दोन दिवसांची रजा टाकून चकलांब्याला साडूकडं गेलेला. रजेवरच्या माणसाचा फोन म्हणजे काहीतरी विसरलं असणार, पक्कड नाहीतर डब्याची पिशवी, असं धरून तिनं फोन खांद्यानं कानाशी दाबला आणि लिहीतच राहिली. आधी त्यानं इकडचं तिकडचं विचारलं. मग घसा साफ केला. "ताई, एक सांगू का? लई दिवस झाले पोटात ठिवलंय. बजरंग आता तारंवर साखळी टाकीत न्हाई. तसाच हात घालतो. मी म्हनलं, मरशील बे. तर मलाच हसला. म्हनला, ताई तिकडं प्रार्थनेला बसली की हिकडं मला काय व्हतंय? तुमी सांगा त्याला. तुमचं आईकतो त्यो." तिनं काहीतरी उत्तर दिलं, काय ते तिचं तिलाच कळलं नाही. फोन बंद झाला. वहीतला आकडा अर्धाच राहिला होता. बजरंग, तिचा दुसरा लाइनमन, आत्ता खांबावर होता, एकटाच होता, आणि पंचवीस मिनिटांपूर्वी तिनंच त्याला परमिट दिलं होतं.

उपकेंद्र माळावर होतं. समोरून नेकनूरची एसटी जायची, थांबायची मात्र नाही. कुंपणाच्या आत खडी, खडीवर करडे ट्रान्सफॉर्मर, त्यांची दिवसभराची घरघर, आणि एका खोलीत पॅनेलांची रांग. त्या रांगेसमोर विजयमाला पंधरा वर्षं बसत आली होती. काम सांगायला सोपं. लाइनमननं फोन केला की त्या फिडरची, म्हणजे त्या भागाला जाणाऱ्या लाइनची, वीज बंद करायची, वहीत परमिट लिहायचं, आणि माणूस खाली उतरून परमिट परत करीपर्यंत त्या स्विचला हात लावायचा नाही. नियमानं परमिट कागदावर, सहीनिशी, समक्ष परत करायचं. पण आठ-आठ किलोमीटरवरून कोण येतंय, म्हणून फोनवरच "ताई, उतरलो, सोडा लाइन" एवढ्यावर सगळं भागायचं. लाइनमननंही तिच्या एकटीच्या भरवशावर राहायचं नाही, अशी रीत. खांबाशी गेलं की जमिनीत सळई ठोकायची, लोखंडी साखळीचं एक टोक तिला बांधायचं आणि साखळी वर फेकून तिन्ही तारांवर टाकायची. कुठून चुकून वीज आलीच तर ती साखळीतून मातीत जाते, माणसातून जात नाही. इकडं वही, तिकडं साखळी, आणि मधे एक जीव. बजरंगनं त्यातली साखळी सोडून दिली होती, विजयमालाच्या प्रार्थनेपायी, आणि जिच्यापायी सोडली ती प्रार्थना तिनं केलीच नव्हती.

तिनं बजरंगला फोन लावला. वाजत राहिला. चढताना तो फोन मोटारसायकलच्या टाकीवरच्या कव्हरच्या खिशात कोंबतो, हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं पुन्हा लावला. पुन्हा. घंटी वाजताना तिला ते रान दिसत होतं. हुरड्याला आलेली ज्वारी, बांधावर उभी केलेली गाडी, खिशात उगीच वाजणारा फोन, आणि वर कमरेला दोर बांधून फुटका इन्सुलेटर काढणारा बजरंग. तिनं उठून पॅनेल पाहिलं. शेतीच्या फिडरचा हिरवा दिवा लागलेला, म्हणजे वीज बंद. खुर्चीवर येऊन बसली, तर वाटलं, हिरवाच होता ना? पुन्हा उठून पाहिला. हिरवाच होता.

भीती तिला नवी नव्हती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ती कधीतरी आत शिरली आणि भाडेकरूसारखी राहूनच गेली. केजला घरी भाजी चिरताना मधेच हात थांबायचा. आपण निघताना वहीत सगळी परमिटं चढवली ना? मग पुढच्या पाळीच्या रिलीव्हरला फोन. तो आधी हसायचा, नंतर नुसताच हं म्हणायचा, पुढंपुढं उचलेनासा झाला. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यांनी झोप यायची आणि पॅनेलसमोर झोप म्हणजे आणखी भीती. शेवटी तिला प्रार्थनेनं तारलं. कुठलाही स्विच चालू करण्याआधी ती खुर्चीत बसायची, हात मांडीवर जोडायची, डोळे गच्च मिटायची आणि पुटपुटायची, "प्रभू, माझा हात धर. माझ्या हातून कुणाचं वाईट होऊ देऊ नको." वीस आकडे मोजेपर्यंत अंग हलकं व्हायचं. लाइनमनलोकांना ठाऊक झालं होतं. परमिट परत केल्यावर ते थट्टेनं म्हणायचे, "घ्या ताई, करा तुमची प्रार्थना, तवर मी बिडी वडतो." खरं सांगायचं तर ते डोळे मिटणं देवासाठी कमी आणि पॅनेल दिसू नये म्हणून जास्त होतं. पण देव असल्या गोष्टीला हरकत घेत नसावा, असं तिनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

तिची आई, सुंदरबाई, मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात भाकरी थापायची. साठ पोरींच्या भाकरी, दोन वेळा. ती प्रार्थना करायची तव्यासमोर, मोठ्यानं, आणि डोळे सताड उघडे ठेवून. "प्रभू, ती धाकली पोर खोकायलीय, बघ जरा तिच्याकडं. प्रभू, पीठ पुरंल का रं शनवारपस्तोर?" शेजारणीशी बोलावं तसं. रविवारच्या शाळेत हात जोडून डोळे मिटायला शिकलेल्या विजयमालाला त्याची लाज वाटायची. एकदा ती चिडून म्हणाली होती, "आई, डोळे मीट की गं." आईनं भाकरी उलटली. "मिटले तर भाकर करपंल. मग त्या पोरींनी काय खायाचं, माझे मिटलेले डोळे?" आई जाऊन सात वर्षं झाली होती. तिची आठवण आत्ता कशाला आली म्हणून विजयमाला वैतागली आणि तिनं सहाव्यांदा फोन लावला.

ती गोष्ट ऑक्टोबरातली. त्या दिवशी शेतीच्या याच फिडरवर दहा वाजता अल्ताफनं परमिट घेतलं होतं. सव्वाअकराला दुसऱ्या टोकावरून बजरंगचा फोन आला, "ताई, लाइन बंदच हाय न्हवं? अल्ताफची साखळी हायच तारंवर, माझी टाकीत न्हाई. मी बी चढतो." ती म्हणाली, चढा. लिहिते. आणि त्याच वेळी वरच्या कार्यालयातून कुणीतरी मागच्या महिन्याचे आकडे मागितले, ते देता देता बजरंगचं परमिट वहीत चढवायचं राहून गेलं. बारा वाजता अल्ताफनं परमिट परत केलं. शेतकऱ्यांचे फोनावर फोन येत होते. तिनं वहीत पाहिलं, एकच परमिट, तेही परत आलेलं. ती उठली आणि तिनं स्विच फिरवला. प्रार्थना नाही, वीस आकडे नाहीत, काही नाही. त्या दिवशी घाई होती आणि भीती कुठंतरी दुसरीकडं गुंतली होती. स्विच फिरवला तरी हिरवा दिवा हिरवाच राहिला. अंगणातल्या ब्रेकरची, म्हणजे लाइन जोडणाऱ्या मोठ्या खटक्याची, स्प्रिंग भरलीच नव्हती, आतली मोटर जाम झाली होती. ती चरफडत अंगणात गेली, हातानं दांडा मारून स्प्रिंग भरली, परत आली, पुन्हा स्विचला हात घातला, आणि फोन वाजला. "ताई, माझं आजून थोडं ऱ्हायलंय, दहा मिंटं लागतील." बारा वाजून चार मिनिटं झाली होती. तिनं स्विचवरचा हात काढला तेव्हा बोटं वाकडीच राहिली होती. ती तिला दुसऱ्या हातानं सरळ करावी लागली.

हे कुणालाच कळलं नसतं. पण संध्याकाळी बजरंग आणि अल्ताफ चहा प्यायला आले, आणि उघड्या वहीकडं बघून बजरंगच्या ध्यानात आलं, की तिथं आपलं परमिटच नाही, अल्ताफनं बाराला परमिट परत केलं आणि आपला फोन बारा-चारला गेला. कप ओठांशीच थांबला. "मग ती चार मिंटं तुमी लाइन कावून न्हाई सोडली, ताई?" विजयमालापुढं निलंबनाचा कागद उभा राहिला, वहीतली मोकळी ओळ उभी राहिली, आणि तोंडातून आलं, "प्रार्थना करत होते." इतक्या वर्षांच्या सवयीतून आलेलं ते वाक्य इतकं सहज होतं, की क्षणभर तिचाही त्यावर विश्वास बसला. बजरंगनं कप खाली ठेवला आणि तिच्या पायांवर डोकं टेकवलं. तिनं पाय मागं घेतले, पण खुर्ची भिंतीला टेकलेली होती.

मग ते तिच्या हातात राहिलं नाही. चौथ्या दिवशी बजरंगची बायको सुरेखा आली. पिशवीत नारळ, साखर, ब्लाऊजपीस. दारातच गोंधळून विचारलं, "येशूला नारळ चालतो का वो, ताई?" चालतो, असं विजयमाला म्हणाली, दुसरं काय म्हणणार. सुरेखानं येशूचा फोटो मागून नेला आणि देवळीत आपल्या देवांशेजारी ठेवला. मग केजच्या मंडळीत, चर्चच्या लोकांत, बातमी गेली. पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. रविवारी पत्र्याच्या त्या हॉलमध्ये त्यांनी तिला साक्ष द्यायला उभं केलं. बाया डोळे पुसत होत्या. बजरंग-सुरेखाही मागच्या बाकावर येऊन बसले होते, अंग चोरून, चपला कुठं काढायच्या ते न कळून हातात धरून. त्या दोघांकडं बघत विजयमालानं सांगितलं, की प्रभूनं तिला चार मिनिटं गुडघ्यांवर धरून ठेवलं. गुडघ्यांवर. खुर्चीवर म्हटलं असतं तरी भागलं असतं, पण खोटं एकदा बोलायला लागलं की ते सजवावंही लागतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून तिला प्रार्थना येईनाशी झाली. डोळे मिटून "प्रभू" म्हटलं की पुढचे शब्द जायचे, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढं तो हिरवा दिवा यायचा. स्विच फिरवण्याआधी ती बसायची, हात जोडायची, वीस मोजायची. बाहेरून सगळं तेच होतं. आत कुणीच नव्हतं.

हे सगळं आपल्यापुरतंच आहे, आपली शांती गेली, आपल्याला शिक्षा मिळाली, हिशेब तिथंच मिटला, असं ती चार महिने समजत होती. आणि बजरंग चार महिने साखळीशिवाय चढत होता.

फोन वाजला. तिनं झडप घातली. राधाकिशन होता, खालच्या शिवारातला, टरबुजाची रोपवाटिका टाकलेला माणूस. "ओ म्याडम, लाइन कवा सोडता? रोपं माना टाकायलीत." ती म्हणाली, लाइनवर माणूस आहे, अर्धा तास लागेल. "तुमचा अर्धा तास म्हंजी दुपार. ऱ्हाऊ द्या, मी जनरेटर लावतो." विजयमाला खुर्चीतून उठली. राधाकिशनचा जनरेटर सगळ्यांना माहीत होता. त्यानं तो सरळ मीटरच्या वायरीत जोडून ठेवलेला, मधे लाइन तोडणारा खटका नाही. तो चालू झाला की वीज उलट्या अंगानं शिवारातल्या डीपीत, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधे, चढायची, आणि डीपीतून थेट मोठ्या तारांवर. "राधाकिशनदादा, लावू नका. हात जोडते. माणूस वर आहे माझा." तिला स्वतःलाच ऐकू आलं, आपण माझा म्हणालो. "तुमचा मानूस रोजच वर आस्तो," राधाकिशन म्हणाला, "माजी रोपं कोन वर काढणार?" आणि त्यानं फोन ठेवला. तिनं परत लावला, त्यानं उचलला नाही.

आता काय करायचं? पॅनेल सोडून जाता येत नव्हतं. दुसऱ्या फिडरांवर गावं होती, दवाखाना होता. आणि गेली तरी बजरंगच्या खांबापर्यंत जायला तिच्याकडं काय होतं, दोन पाय. अल्ताफला फोन केला, तो म्हणाला, "चकलांब्याहून मी येईस्तोवर दोन तास लागतील, ताई," आणि त्याचाही आवाज बारीक झाला. वरच्या साहेबांना फोन केला, ते मीटिंगमध्ये होते. बजरंगला अकराव्यांदा. ती फरशीवर गुडघ्यांवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा इथं गुडघ्यांवर बसली, साक्षीत सांगितलं होतं तशी. डोळे मिटले. "प्रभू," ती म्हणाली, आणि थांबली. ट्रान्सफॉर्मर घरघरत होता. तिनं पुन्हा म्हटलं, "प्रभू, त्याला काही होऊ देऊ नको." ते शब्द तिला छताला लागून परत आल्यासारखे वाटले. एकदम तिला कळलं, आपण कशासाठी मागतो आहोत. तो वाचावा म्हणून मागतो आहोत की आपलं खोटं झाकलेलं राहावं म्हणून, हे तिला वेगळं करता येईना. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेलं होतं. तिला रडू आलं, आवाज न करता, नाकातोंडातून. असं किती वेळ गेला कोण जाणे. घड्याळात सातच मिनिटं गेली होती.

फोन वाजला आणि बजरंगचं नाव दिसलं. तो दमलेला होता आणि खुशीत होता. "ताई, कितींदा फोन केलाव! येक खांब झाला. आता पल्याडच्या खांबावर चढायलो, तिथला बी फुटलाय. मग सोडा लाइन. प्रार्थना चालू हाय न्हवं?" साखळी टाका, राधाकिशननं जनरेटर लावलाय, एवढंच सांगितलं असतं तर आजचं भागलं असतं. तो आज साखळी टाकेल, ती अजूनही ताई राहील, सुरेखा त्या फोटोपुढं उद्याही हात जोडेल. आणि परवा? पुढच्या महिन्यात? राधाकिशननं जनरेटर लावलाय हे रोज तिला कोण फोन करून सांगणार होतं? ते सोपं वाक्य तिच्या जिभेवर आलेलं होतं. ते तिनं गिळलं.

"बजरंग, खालीच आहात ना? आधी ऐका. त्या दिवशी मी प्रार्थना करत नव्हते." पलीकडं वारा होता. "तुमचं परमिट मी वहीत लिहायचं विसरले होते. मी स्विच फिरवला होता. स्प्रिंग भरली नव्हती म्हणून लाइन चालू झाली नाही. मी जाऊन स्प्रिंग भरून आले, पुन्हा फिरवणार होते, तेवढ्यात तुमचा फोन आला. मी खोटं बोलले. मंडळीत पण खोटं बोलले. मी तुम्हाला वाचवलेलं नाही, बजरंग. मी तुम्हाला मारायला निघाले होते." वारा तसाच येत राहिला. दूर कुठंतरी टिटवी ओरडली. "राधाकिशन जनरेटर लावतो म्हणालाय. साखळी टाका. आजच नाही, रोज टाका. माझ्यावर राहू नका." पावलं ऐकू आली. गाडीवरून साखळी ओढल्याचा आवाज, मग सळईवर दगडाचे घाव, एक, दोन, पाच. फोन बहुतेक त्यानं बांधावरच ठेवला असावा. मग साखळी वर गेल्याचा खळखळाट आणि लगेच फटाका फुटावा तसा एक तडाखा. त्यानंतर नुसता वारा. ती "बजरंग, बजरंग" म्हणत राहिली आणि कुणीतरी फोन बंद केला.

पाऊण तास कुणाचाही फोन आला नाही. राधाकिशनचाही नाही. विजयमाला दारात उभी होती, पॅनेलकडं एक डोळा ठेवून. नेकनूरची एसटी गेली. मग माळावरून मोटारसायकल आली. बजरंगच होता. त्याला पाहून तिनं चौकट घट्ट धरली. तो आत आला, त्यानं खांद्यावरची साखळी टेबलावर, तिच्या वहीवर ठेवली. दोन कड्या काळ्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"राधाकिशनचा जनरेटर," तो म्हणाला. "बंद पडला."

तिच्या ओठांवर प्रभूचं नाव आलं. आणि त्याच्यामागोमाग, तिला नको असताना, पत्र्याचा तो हॉलही आला, पुसलेले डोळे, नवी साक्ष, आणखी मोठी. तिनं तोंड मिटून घेतलं.

बजरंगनं खिशातून कागद काढला. परमिट परत केल्याचा कागद, पंधरा वर्षांत पहिल्यांदा, वेळ घालून, सही करून. "घ्या, मॅडम." ताई ही हाक गेली होती. ती कुठं गेली हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं घडीचं टोक नखानं दाबलं. "घरी काय सांगू मी? सुरेखानं फोटो ठिवलाय देवळीत. रोज मी निघताना हात जोडती."

"खरं ते सांगा," ती म्हणाली. "फोटो राहू द्या. खोटं मी बोलले. येशू नाही. आणि वर काय कळवायचं ते कळवा. मीही आज लिहून देणार आहे."

बजरंगनं साखळीच्या चिकटलेल्या कड्या अंगठ्यानं चाचपल्या. काळी बोटं पँटला पुसली. जाईल असं तिला वाटलं, पण तो गेला नाही. "लोकं लाइनीसाठी बोंबलायलेत," तो शेवटी म्हणाला. "सोडा. मी हितं उभा ऱ्हातो."

ती पॅनेलसमोर गेली. हात वर जाईना. सवयीनं ती खुर्चीकडं वळली, हात जुळले, पापण्या खाली यायला लागल्या.

"प्रार्थना करा की," मागून बजरंग म्हणाला. "पर डोळे मिटू नका, मॅडम."

तव्यावरच्या भाकरीचा वास आल्यासारखं तिला झालं. तिनं डोळे उघडे ठेवले. वही पाहिली. एक परमिट, दिलेलं, परत आलेलं, सही बजरंगची. कागद पाहिला. मान वळवून बजरंगला पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत, धुळीचे बूट, काळवंडलेली बोटं, तिच्यावर रोखलेले रागीट, घाबरलेले डोळे. "बजरंग इथं आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "अल्ताफ चकलांब्याला आहे. लाइनवर कुणी नाही." एवढंच म्हणाली. भीती गेली नाही. ती तिथंच होती, छातीत, पण आता तिच्याशेजारी आणखी कुणीतरी उभं राहायला जागा झाली होती. तिनं पुन्हा एकदा वही पाहिली, पुन्हा एकदा बजरंगला पाहिलं.

"आमेन," बजरंग म्हणाला, मंडळीत ऐकला होता तसा, जरा चुकीच्या ठिकाणी.

तिनं स्विच फिरवला. बाहेर अंगणात ब्रेकर धाडकन बसला, आणि हिरवा दिवा जाऊन तांबडा लागला.